'बोहेमियन' या शब्दाचें मूळ गांव

शब्दांनाहि माणसांप्रमाणें गांव असतें, कुळ असतें, आणि कित्येकांच्या नशिबीं देशांतरहि असतें. चाळीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें एखादा नवा शब्द कानीं पडला कीं त्याची मूळपीठिका पाहिल्यावांचून मला चैन पडत नाहीं. 'बोहेमियन' हा शब्द असाच माझ्या मागें लागला. घरांतील एखाद्या मुलानें केस वाढविले, जेवणाखाण्याची वेळ सोडली, नोकरीचा विचार दूर सारून चित्रांत किंवा गाण्यांत जीव रमविला, कीं वडील मंडळी कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "हा अगदींच बोहेमियन झाला!" आणि तीं मुलें मात्र तोच शब्द एखाद्या पदवीसारखा मिरवितात. एकाच शब्दांत निंदा व स्तुति अशा सुखानें एकत्र नांदतांना पाहून कोणाहि शब्दप्रेमी माणसाला कुतूहल वाटावें, हें साहजिक आहे.

कोशांत पाहावें तर या शब्दाचे दोन अर्थ सांपडतात. बोहेमिया देशाचा रहिवासी, हा एक. आणि रूढ आचार न जुमानणारा, मन मानेल तसा राहणारा कलावंत, हा दुसरा. शेरलॉक होम्सच्या १८९१ सालच्या एका प्रसिद्ध कथेंत हे दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं बसले आहेत. गाऱ्हाणें घेऊन येणारा अशील हा बोहेमियाचा राजा, आणि ज्याच्याकडे तो येतो त्या होम्सच्या वृत्तीलाहि डॉक्टर वॉटसन 'बोहेमियन' असेंच विशेषण लावतो. पण त्या मुखवटा घातलेल्या राजाचा आणि होम्सच्या अव्यवस्थित खोलीचा संबंध काय, याचा उलगडा कोश करीत नाहीं.

सुदैवानें गेल्या वर्षीं पुतण्याकडे पॅरिसला कांहीं महिने राहण्याचा योग आला, व तेथून प्रागलाहि जाणें झालें. तेव्हां राजवाडे आणि चित्रशाळा तर पाहूंच, पण त्यासोबत या शब्दाचीहि यात्रा करूं, असें मीं मनाशीं ठरविलें. ती यात्रा कशी झाली, हें आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

पॅरिसच्या लूव्र राजवाड्यासमोर सँ-जेर्मँ-लोक्सेर्वा नांवाचें जुनें चर्च आहे. त्याच्या कडेच्या अरुंद गल्लींत एके काळीं 'मोम्युस' नांवाचें कॉफीगृह होतें. आज तें नाहीं. पण या शब्दाच्या दृष्टीनें ही जागा मोठी महत्त्वाची. आंरी म्यूर्जे नांवाचा एक गरीब तरुण लेखक आपल्या मित्रांसह येथें तासन् तास बसे. त्याचा बाप शिंपीकाम व एका इमारतीची राखण करून पोट भरी. मित्रहि तसेच फटके: कोणी चित्रकार, कोणी गवई, कोणी तत्त्वज्ञ. या मंडळींच्या हालअपेष्टा व गमती यांचीं शब्दचित्रें म्यूर्जेनें १८४५ पासून एका वृत्तपत्रांत लिहिलीं. १८४९ सालीं त्यांवर नाटक झालें, तें गाजलें, आणि १८५१ सालीं पुस्तक निघालें. पुढें १८९६ सालीं इटलींतील तूरिन शहरीं पुच्चीनीचें 'ला बोएम' हें संगीत नाटक रंगभूमीवर आलें आणि थंडींत कुडकुडणाऱ्या त्या चार मित्रांचें माळ्यावरचें घर साऱ्या जगाला माहीत झालें.

म्यूर्जे हा या अर्थाचा जनक मात्र नव्हे. १८३४ सालींच फेलिक्स प्या या लेखकानें तरुण कलावंतांना हें नांव लावलें होतें, आणि बाल्झाकनेंहि तें वापरलें होतें. इंग्रजींत थॅकरेनें १८४८ सालीं पुऱ्या झालेल्या आपल्या कादंबरींत नायिकेच्या आईबापांना 'बोहेमियन' म्हटलें आहे. म्यूर्जेनें केलें तें एवढेंच, कीं नांवाला चेहरा दिला. विशेष हें कीं, नाटकाला यश येतांच त्यानें तो गरिबीचा मोहल्ला सोडला, आणि पुढें पॅरिसबाहेर फोंतेन्ब्लोच्या रानाकांठीं राहावयास गेला. १८६१ सालीं वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं तो वारला. लुक्सांबूर बागेंत त्याचा अर्धपुतळा आहे. त्याच्यासमोर बाकावर बसून विद्यार्थी पाव खात होते; त्यांतील एकानेंहि त्याच्याकडे मान वर करून पाहिलें नाहीं.

आतां म्यूर्जेच्या पुस्तकाची प्रस्तावना पाहा. आपण ज्या बोहेमियनांविषयीं लिहितों त्यांचा संबंध अस्वलें नाचविणाऱ्या, तलवारी गिळणाऱ्या, रस्त्यावर किडुकमिडुक विकणाऱ्या लोकांशीं लावूं नये, असें तो आरंभींच बजावतो. अमुक आपले नातलग नव्हेत असें कोणी न विचारतां सांगूं लागला, कीं चौकस माणसानें त्या नातलगांचाच शोध घ्यावा! फ्रेंच लेखनपद्धतीनेंहि या नात्यावर पडदा टाकला आहे. देशाचें नांव लिहितांना 'ए' या अक्षरावर टोपीसारखें चिन्ह देतात, आणि कलावंतांचें जीवन म्हणावयाचें असेल तर त्याच अक्षरावर एक तिरकी रेघ. 'इंद्रशत्रु' या शब्दांतील स्वर चुकल्यामुळें यजमानाचाच घात झाल्याची कथा वैदिकांना ठाऊक आहे. येथेंहि एका स्वरचिन्हानें देश वेगळा झाला आणि डौल वेगळा झाला. या दोहोंच्या मध्यें जे लोक होते, ते मात्र दिसेनासे झाले.

ते लोक कोण, हें पाहण्यासाठीं पॅरिसच्या उत्तर भागांत ला शापेल या वस्तींत जावें लागतें. पंधराव्या शतकांत हें शहराच्या तटाबाहेरचें खेडें होतें. १४२७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत येथें परक्या लोकांचा एक तांडा उतरला. त्या काळच्या एका पॅरिसकरानें आपल्या रोजनिशींत त्याचें वर्णन लिहून ठेवलें आहे. प्रथम १७ तारखेस बाराजण आले. आम्ही खालच्या इजिप्तचे, पोपनें प्रायश्चित्त म्हणून सात वर्षें भटकावयास सांगितलें आहे, असें त्यांनीं सांगितलें. मागाहून शंभर-सव्वाशें माणसें आलीं. त्यांना तटाच्या आंत घेतलें नाहीं. पण शहरचे लोक त्यांना पाहावयास झुंडीनें लोटले. बायका हात पाहून भविष्य सांगूं लागल्या. तेव्हां पॅरिसच्या बिशपनें हात दाखविणाऱ्यांनाच धर्मबहिष्कृत केलें, आणि सप्टेंबरच्या आरंभीं तांडा निघून गेला.

इजिप्तचे म्हणून इंग्रजांनीं त्यांना 'जिप्सी' म्हटलें. फ्रेंचांनीं त्यांना 'बोएमियें' म्हणजे बोहेमियाचे ठरविलें. अशा तांड्यांजवळ सम्राट् सिगिस्मुंड याचीं अभयपत्रें असत, आणि हा सिगिस्मुंड हंगेरीचा तसाच बोहेमियाचाहि राजा होता. पत्रावरच्या मुद्रेवरून माणसाचें गांव ठरलें! एकदां ठरलेलें तें नांव कायद्यांतहि शिरलें. चौदाव्या लुईच्या १६८२ सालच्या फर्मानानें या 'बोएम' लोकांतील पुरुषांना जन्मभर गलबतांवर वल्हीं मारण्याची शिक्षा फर्माविली. पुढें दीडशें वर्षांनीं पॅरिसचे तरुण कवि हौसेनें स्वतःला लावून घेऊं लागले, तें हेंच नांव.

ला शापेलमध्यें हिंडतांना एक गोष्ट पाहून मात्र मी थबकलों. या वस्तींत आज श्रीलंकेंतून आलेल्या तमिळ लोकांचीं दुकानें आहेत, आणि एका रस्त्यावर चक्क गणपतीचें देऊळ आहे. दर वर्षीं चतुर्थीच्या सुमारास तेथून रथाची मोठी मिरवणूक निघते, नारळ फुटतात, आणि पॅरिसकर पदपथावर उभे राहून ती कौतुकानें पाहतात. १४२७ सालच्या ऑगस्टांतहि ते असेच उभे होते. आणि तेव्हां त्यांच्यापुढून गेलेले लोकहि मूळचे आपल्याच देशाचे होते!

ही अतिशयोक्ति नव्हे. हे लोक स्वतःला 'रोम' म्हणवितात. आपणहि यापुढें तसेंच म्हणूं. त्यांची भाषा हिंदुस्थानांतील भाषांची बहीण आहे, हें रूडिगर नांवाच्या जर्मन पंडितानें १७८२ सालीं दाखवून दिलें. ते पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', दाताला 'दांद', डोळ्याला 'याख' म्हणजे आपलें 'अक्षि', हाताला 'वास्त' म्हणजे 'हस्त', माणसाला 'मानुश'. भाकरी-पावाला ते 'मान्रो' म्हणतात. संस्कृत 'मण्डक' शब्दापासून तो आला, आणि त्याच मण्डकापासून आपल्या घरचे पुरणाचे मांडे! ख्रिस्ती क्रुसाला त्यांचा शब्द 'त्रुशुल', म्हणजे आपलें त्रिशूळ. अंक मोजतांना दोन 'दुई', तीन 'त्रिन', पांच 'पांज', दहा 'देश'. परंतु सात, आठ, नऊ हे अंक ग्रीक. म्हणजे वाटेंत ग्रीक मुलखांत ते फार दिवस राहिले, याची नोंद त्यांच्या बोटांवरच राहिली. त्यांच्यापाशीं बखर नाहीं, ताम्रपट नाहीं; त्यांची बखर म्हणजे त्यांची भाषा.

'रोम' हा शब्द संस्कृत 'डोम्ब' शब्दाचें रूप आहे, असें बहुतेक भाषापंडित मानतात. डोम्ब म्हणजे गाणें-वाजविणें करणारी, समाजानें दूर ठेवलेली एक जात. कल्हणाच्या राजतरंगिणींत दहाव्या शतकांतील चक्रवर्मा राजा एका डोम्ब गवयाच्या मुलींवर भाळल्याची हकीकत आहे. मराठींत हा शब्द 'डोंब' व 'डोंबारी' या रूपांनीं आजहि जिवंत आहे. आणि एक योगायोग पाहा. मराठी भाषेचा इतिहास शास्त्रशुद्ध रीतीनें प्रथम लिहिणारे फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक, ज्यांच्या १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं मराठींत केला, त्यांनींच पुढें १९५३ सालीं या रोम लोकांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिलें. ज्ञानेश्वरीची भाषा आणि तांड्याची भाषा, दोन्ही एकाच पंडिताच्या टेबलावर शेजारीं होत्या.

पॅरिस सोडण्यापूर्वीं मोंमार्त्रची टेकडी चढलों. तेथें 'बातो-लाव्वार' नांवाच्या एका मोडक्या इमारतींत १९०४ सालीं पिकासो राहावयास आला. १९०७ सालीं नव्या चित्रकलेची दिशा बदलणारें चित्र त्यानें येथेंच काढलें. मूळ इमारत १९७० सालीं जळाली, व पुढें नवी उठली. प्रवाशांची गर्दी एवढी, कीं गरिबीच्या त्या आठवणीपुढें उभें राहण्यासहि रांग लावावी लागते! टेकडीवर 'बोहेमियन' कलावंतांचा असा बहर असतांनाच, १९१२ सालीं, फ्रान्सनें एक कायदा केला. त्यानें भटक्या लोकांना अंगाच्या मोजमापांची व बोटांच्या ठशांची पुस्तिका जवळ बाळगावयास लावली, आणि गांवोगांवीं ती दाखवून शिक्का घेण्याची सक्ति केली. एका बोहेमियनाचीं चित्रें दिवाणखान्यांत टांगलीं जात होतीं, तेव्हां दुसऱ्याच्या कानांचें माप पोलीसठाण्यांत घेतलें जात होतें.

पॅरिसहून प्रागला आलों. हें तर शब्दाचें खरें गांव. पण या गांवींहि शब्द परकाच! 'बोहेमिया' हें लॅटिन नांव 'बोई' नांवाच्या केल्टिक टोळीवरून पडलें. अर्थ, बोईंचें घर. ते बोई तेथून केव्हांच निघून गेले. घरांतले लोक बदलले तरी घराचें नांव तेंच राहिलें, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इसवी सन ९८ च्या सुमारासच केली आहे. सध्यांचे रहिवासी चेक लोक त्यांच्या मागून शेंकडों वर्षांनीं आले. ते आपल्या या प्रांताला 'चेखी' म्हणतात, बोहेमिया म्हणत नाहींत. आणि स्वभावानें ते आपल्या कल्पनेंतील बोहेमियनांच्या अगदीं उलट: ट्राम मिनिटावर येते, बागेंतील गवत सारखें कापलेलें, शेतांतील हॉप्सच्या वेली दोरीवर ओळीनें चढविलेल्या. १३४८ सालीं चौथ्या कार्लनें स्थापिलेलें विद्यापीठ येथें आहे. व्ल्तावा नदीकांठीं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. तें लोकांनीं वर्गणी करून बांधलें, १८८१ सालीं उघडल्यावर थोड्याच दिवसांत जळालें, आणि पुन्हां वर्गणी जमवून त्यांनीं तें १८८३ सालीं परत उभें केलें. समोरच्या 'स्लाविया' कॉफीगृहांत लेखक-कलावंतांची बैठक असे. अशा स्वच्छंदी कलावंताला चेक भाषेंत काय म्हणतात, म्हणून मीं विचारलें. उत्तर आलें: 'बोहेम'. म्हणजे त्यांच्याच देशाच्या नांवावरून झालेला शब्द फ्रेंचांकडून उसना आणून त्यांना वापरावा लागतो!

येथपर्यंत सारी कथा विनोदाची वाटते. विद्यापीठांत रोम भाषेच्या अभ्यासाचा विभाग आहे. मिलेना ह्युब्श्मानोवा या हिंदी-उर्दू शिकलेल्या विदुषीनें तो १९९१ सालीं सुरू केला. तेथील एक विद्यार्थी आमच्यासोबत हिंडत असे. तो म्हणाला, "आजोबा, शब्दाचें गांव पाहावयाचें असेल तर प्रागमध्यें नाहीं, लेतीला चला."

लेती हें प्रागच्या दक्षिणेस सुमारें ८० किलोमीटरांवरील खेडें. पाइनचें रान, जवळ तळें, वाऱ्याखेरीज आवाज नाहीं. जर्मनांच्या अमलाखालीं येथें १९४२ च्या ऑगस्टपासून रोम कुटुंबांना कोंडण्याची छावणी होती. पहाऱ्यावर चेक शिपाई होते. सुमारें १,३०० माणसें येथून गेलीं. भूक, थंडी आणि विषमज्वर यांनीं ३०० हून अधिक येथेंच मेलीं, त्यांत लहान मुलें फार. ५०० हून अधिक जणांना आउश्वित्सला पाठविलें. बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील जे रोम छावण्यांत गेले, त्यांतून युद्धानंतर जिवंत परतले ते सुमारें ६०० च. पुढें १९७० च्या दशकांत या जागेवर डुकरें पाळण्याचा मोठा कारखाना बांधला गेला, आणि तो कित्येक वर्षें चालला. सरकारनें २०१८ सालीं तो विकत घेतला, २०२२ सालीं पाडावयास घेतला, आणि २०२४ सालीं तेथें स्मारक उघडलें.

आम्ही गेलों त्या दिवशीं एक वृद्ध रोम बाई नातवाला घेऊन आली होती. ऊन होतें. पोरानें आजीच्या पदराला, म्हणजे झग्याला, ओढून म्हटलें, "पानी." मीं पिशवींतली बाटली पुढें केली. बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली; मग तिनें आमच्या विद्यार्थ्याला कांहीं विचारलें. तो म्हणाला, "याला आमचा शब्द कसा कळला, असें त्या विचारतात." मीं कानाला हात लावून 'कान' म्हटलें, बोटें उघडून मोजूं लागलों. दुई, त्रिन येथपर्यंत आम्ही दोघें बरोबर होतों. साताला तिची वाट वेगळी झाली. ती हंसली नाहीं. तिनें फक्त मान हलविली आणि नातवाला बाटली नीट झांकण लावून परत द्यावयास सांगितलें.

मनुष्यानें स्वच्छंदपणा पत्करावा कीं नाहीं, हा वाद जुना आहे, आणि तो आपल्याकडेहि झाला आहे. पाणिनीनें एकाच सूत्रांत भिक्षुसूत्रें आणि नटसूत्रें यांचा उल्लेख केला. घर सोडणारा संन्यासी आणि सोंग घेणारा नट हे त्याच्या सूत्रांत शेजारीं बसले. पुढें संन्यासी पूज्य झाला. नट मात्र 'कुशीलव' राहिला, आणि त्याला न्यायसभेंत साक्षीदार करूं नये, असें मनुस्मृतीनें सांगितलें. मराठींत मनस्वी कलावंताला आपण प्रेमानें 'कलंदर' किंवा 'अवलिया' म्हणतों. तेहि मूळचे फकिरांचे शब्द. भटक्याचें नांव उचलून आवडत्या माणसाला द्यावयाचें, आणि भटक्याला मात्र वेशीबाहेर ठेवावयाचें, ही रीत एकट्या पॅरिसची नव्हे. १८७१ सालच्या कायद्यानें आपल्या देशांतील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. सोलापुरास त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. नांवाचा डाग मात्र कायद्याइतक्या सहज पुसला जात नाहीं.

तेव्हां घरांतल्या त्या केस वाढविलेल्या मुलांना माझें सांगणें एवढेंच, कीं हा शब्द खुशाल वापरा, पण त्याची किंमत कोणी दिली तें विसरूं नका. म्यूर्जेनें हें नांव अंगरख्यासारखें घातलें आणि सोय होतांच खुंटीला टांगलें. ज्यांचें तें होतें त्यांना तें कातड्यासारखें अंगावर वागवावें लागलें. आणि आठ्या घालणाऱ्या वडील मंडळींना सांगणें असें, कीं मुलगा चार वर्षें चित्रें काढीत बसला तर कुळ बुडत नाहीं. पिढ्यान् पिढ्या डोंबाऱ्याची ढोलकी आपल्या वाड्यासमोर वाजली. दोरीवरून चालणाऱ्या त्याच्या मुलीला आपण पसाभर धान्य घातलें, जुनें लुगडें दिलें. तिला कलावंत म्हणावें, हें मात्र आपल्यांतील कोणाला कधीं सुचलें नाहीं.